सही करावी की पद सोडावं? अठराव्या शतकातल्या चर्च ऑफ इंग्लंडमधले वाद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेमका वाद होता तरी कशाचा?

वरवर पाहिलं तर वाद बरेच होते: राजाशी निष्ठेची शपथ, बिशपांचा अधिकार, त्रैक्याचा सिद्धान्त, मेथडिस्टांची उघड्या मैदानातली प्रवचनं. पण प्रत्येक वादाच्या तळाशी गेलं की बहुतेक वेळा एक सही सापडते. बिशपसमोर उभ्या असलेल्या पाद्र्याला चर्चची शिकवण मांडणारी ३९ कलमं मान्य असल्याची सही करायची असते. त्यातली एक-दोन त्याच्या बुद्धीला पटत नाहीत. सही केली नाही तर घर, उत्पन्न, गाव सगळंच जातं. केली तर ज्या देवाच्या सेवेला निघालो त्याच्यासमोर पहिलंच वाक्य खोटं ठरतं.

त्या शतकातलं चर्च म्हणजे सुखासीन, डुलक्या काढणारं चर्च, असं सरसकट लिहिलं जातं. हा अन्याय आहे. या प्रश्नाने माणसांची झोप उडवली होती, नाती ताणली होती, आणि काहींनी त्यापायी भरलं घर सोडलं.

ही ३९ कलमं कुठली? आणि सही कोणाकोणाला करावी लागे?

इंग्लंडचं चर्च रोमपासून वेगळं झाल्यावर आपण काय मानतो हे लिहून काढणं भाग होतं. ही कलमं १५६३ मध्ये तयार झाली आणि १५७१ मध्ये त्यांना अंतिम रूप मिळालं. पहिलं कलम त्रैक्याचं: पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव. सहावं म्हणतं की तारणासाठी जे आवश्यक ते सगळं बायबलमध्ये आहे. जे त्यात नाही ते कोणावर लादू नये. आठवं तीन प्राचीन विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेची ठरावीक जाहीर विधानं, मान्य करतं; अथनासियन हा त्यातला एक. सतरावं कोणाचं तारण होणार याच्या देवाने आधीच केलेल्या निवडीबद्दल आहे. सहावं आणि आठवं यांच्यात पुढे किती ओढाताण होणार होती, याची कल्पना लिहिणाऱ्यांना नसावी.

सही दीक्षेच्या वेळी लागायची, आणि नवं पद मिळालं की पुन्हा लागायची. शिवाय नव्या व्हिकारने, म्हणजे गावच्या चर्चच्या पाद्र्याने, दोन महिन्यांच्या आत, रविवारच्या उपासनेत, गावकऱ्यांसमोर सगळी कलमं मोठ्याने वाचून दाखवायची आणि ती मान्य असल्याचं जाहीर करायचं. १६६२ च्या कायद्याने आणखी एक प्रतिज्ञा जोडली: उपासनेच्या अधिकृत प्रार्थना पुस्तकातल्या प्रत्येक गोष्टीला आपली मनापासून संमती आहे. त्या वर्षी ती द्यायला नकार देणारे, आणि आधीच्या दोन वर्षांत पदं गमावलेले, मिळून सुमारे २००० पाद्री बाहेर गेले.

ऑक्सफर्डमध्ये तर प्रवेश घेतानाच सही घेत. मिसरूड न फुटलेला मुलगा देवाच्या पूर्वनियोजनावर सही करून वर्गात शिरे. केंब्रिजमध्ये ती पदवी घेताना लागे.

चर्चच्या वादात राजा आणि संसद कुठून आली?

चर्च ऑफ इंग्लंडचा सर्वोच्च प्रशासक राजाच होता. बिशप त्याच्या मर्जीने नेमले जात आणि हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये बसत. चर्चचे नियम संसदेचे कायदे होते, त्यामुळे एखादं कलम सैल करायचं तरी दाद संसदेतच मागावी लागे.

शपथ नाकारणारे पाद्री म्हणजे कोण?

१६८८ मध्ये दुसरा जेम्स परागंदा झाला आणि विल्यम व मेरी गादीवर आले. नव्या राजाची शपथ घ्या, असा हुकूम निघाला. कँटरबरीचा आर्चबिशप विल्यम सँक्रॉफ्ट, आणखी आठ बिशप आणि सुमारे ४०० पाद्री म्हणाले: आम्ही जेम्सची शपथ घेतली आहे, तो जिवंत असताना दुसरी कशी घ्यायची?

जेम्सचे हे लाडके नव्हते. त्याच्या धार्मिक फर्मानाला विरोध केला म्हणून १६८८ मध्ये ज्या सात बिशपांवर खटला चालला, त्यातले पाच या नकार देणाऱ्यांत होते. ज्या राजाने कोर्टात खेचलं त्याच्याशी दिलेला शब्द त्यांनी पाळला आणि पदं गमावली. पुढच्या शतकातला सगळा वाद या उदाहरणाच्या सावलीत झाला.

सॅशेव्हरेल प्रकरण काय होतं?

५ नोव्हेंबर १७०९ ला हेन्री सॅशेव्हरेल या पाद्र्याने लंडनच्या सेंट पॉल्समध्ये प्रवचन दिलं: चर्चला खरा धोका आतल्या खोट्या भावांपासून आहे. सरकारने त्याच्यावर संसदेत महाभियोग चालवला. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं, मार्च १७१० मध्ये लंडनच्या रस्त्यांवर दंगल उसळली, इतर प्रॉटेस्टंट पंथांची प्रार्थनागृहं मोडली गेली. लॉर्ड्सनी ६९ विरुद्ध ५२ मतांनी त्याला दोषी धरलं, पण शिक्षा दिली तीन वर्षं प्रवचनबंदीची. त्या वर्षीच्या निवडणुकीत सत्ताधारी पक्ष हरला. धर्मशास्त्राच्या दृष्टीने या प्रकरणात फारसं काही नाही. चर्चच्या नावावर जमाव किती पटकन पेटतो, एवढं मात्र सगळ्यांना कळलं.

बँगोरचा वाद इतका गाजला का?

कारण त्यात चर्चच्या अधिकाराच्या मुळावरच घाव होता. ३१ मार्च १७१७ ला बँगोरचा बिशप बेंजामिन हॉडली याने पहिल्या जॉर्ज राजासमोर प्रवचन दिलं. आधार योहानाच्या शुभवर्तमानातलं वचन: "माझे राज्य या जगाचे नाही." तारुण्यातल्या आजारपणाने हॉडलीचे पाय अधू झाले होते, तो कुबड्या घेऊन चाले आणि गुडघ्यांवर टेकून प्रवचन देई. त्या दिवशी त्याने सांगितलं ते असं: ख्रिस्ताने आपल्या मागे पृथ्वीवर कोणी प्रतिनिधी ठेवला नाही, आपल्या नियमांचा अंतिम अर्थ लावणारा कोणी नेमला नाही. माणसाच्या सद्सद्विवेकावर दुसऱ्या माणसाची सत्ता चालत नाही.

एक बिशपच असं म्हणाला! मग बिशप कशासाठी, दीक्षा कशासाठी, बहिष्काराला अर्थ काय? पत्रकांचा पाऊस पडला. पन्नासहून अधिक लेखकांची मिळून सुमारे २०० पत्रकं निघाली. राजाच्या उपदेशकांपैकी अँड्र्यू स्नेप आणि थॉमस शेरलॉक हे हॉडलीविरुद्ध लिहून बसले आणि त्यांची ती पदं गेली.

सगळ्यांत धारदार उत्तर विल्यम लॉ या पाद्र्याचं. त्याचा मुद्दा साधा होता: प्रामाणिकपणा एवढाच निकष असेल तर प्रामाणिकपणे चुकणारा आणि बरोबर असणारा यांच्यात फरकच उरत नाही, आणि मग चर्चची गरज उरत नाही. हॉडलीकडे याला पुरेसं उत्तर होतं असं मला वाटत नाही.

पण या दोघांची आयुष्यं शेजारी ठेवून पाहावीत. लॉने पहिल्या जॉर्जची शपथ नाकारली आणि केंब्रिजमधली फेलोशिप गमावली. हॉडली मात्र बँगोरहून हेरफर्ड, तिथून सॉल्झबरी आणि शेवटी १७३४ मध्ये विंचेस्टरच्या श्रीमंत गादीवर गेला. सद्सद्विवेकाची बाजू एकाने मांडली, तिची किंमत दुसऱ्याने मोजली. हॉडलीचा मुद्दा मला आजही मोलाचा वाटतो. तो सांगायला अधिक योग्य माणूस मिळायला हवा होता.

मग चर्चची स्वतःची सभा काय करत होती?

कॉन्व्होकेशन नावाची धर्मसभा होती, तिचं वरचं सभागृह बिशपांचं आणि खालचं पाद्र्यांचं. खालच्या सभागृहाने हॉडलीच्या मतांविरुद्ध अहवाल तयार केला. त्यावर कारवाई होण्याआधी सरकारने सभा तहकूब केली. त्यानंतर कँटरबरीची ही सभा खऱ्या अर्थाने कामाला बसली ती थेट १८५२ मध्ये. चर्चला आपले वाद सोडवायला स्वतःचं व्यासपीठच राहिलं नाही, म्हणून पुढचे वाद छापखान्यांत आणि संसदेत गेले.

त्रैक्य न मानणारा माणूस चर्चमध्ये राहायचा कसा?

सॅम्युएल क्लार्कची गोष्ट पाहिली की कळतं. तो न्यूटनचा स्नेही, वेस्टमिन्स्टरच्या सेंट जेम्स चर्चचा रेक्टर आणि आपल्या पिढीतला अव्वल विचारवंत. १७१२ मध्ये त्याने त्रैक्यावर ग्रंथ काढला. नव्या करारातली या विषयाला स्पर्श करणारी १२५१ वचनं त्याने एकत्र केली, वर्गवारी करून मांडली आणि निष्कर्ष काढला: परमेश्वर म्हणजे पिता, पुत्र दिव्य आहे पण पित्याच्या बरोबरीचा नाही.

न्यूटनचीही मतं याच वळणाची होती, पण त्याने ती कागदपत्रांत दडवून ठेवली. केंब्रिजमध्ये न्यूटनच्या जागी आलेला विल्यम व्हिस्टन उघड बोलला आणि १७१० मध्ये विद्यापीठातून काढला गेला. क्लार्क मधल्या वाटेने गेला. १७१४ मध्ये कॉन्व्होकेशनमध्ये तक्रार झाल्यावर त्याने खुलासा दिला आणि या विषयावर आणखी लिहिण्याचा इरादा नसल्याचं कळवलं. व्हिस्टनला हे मुळीच आवडलं नाही.

सहीबद्दल क्लार्कचं म्हणणं असं: बायबलशी जुळेल असा जो अर्थ कलमांना लावता येतो, त्या अर्थाने सही करायला हरकत नाही. डॅनिएल वॉटरलँड या पाद्र्याने १७२१ मध्ये यावर हल्ला चढवला. शब्दांचा अर्थ सही घेणाऱ्याच्या मनातला धरायचा, सही करणाऱ्याच्या सोयीचा नाही. नाहीतर करारनामा या गोष्टीलाच अर्थ राहणार नाही. मला वॉटरलँडचा हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण क्लार्कच्या बाजूने आर्थर अ‍ॅशली साइक्सने जो उलट प्रश्न टाकला तोही झोंबणारा होता: सतराव्या कलमाचा कॅल्व्हिनवादी वळणाचा, म्हणजे कोण तरणार हे देवाने आधीच ठरवलंय असा, अर्थ न मानता तुम्ही सगळे सह्या करताच ना? तुमचा तो अर्थ, आणि आमची ती पळवाट?

क्लार्कच्या बाजूने एवढं नक्की सांगता येईल की यानंतर सही लागेल असं एकही नवं पद त्याने घेतलं नाही.

अथनासियन विश्वासांगीकाराचा एवढा त्रास का होता?

कारण तो कपाटात ठेवता येत नव्हता. प्रार्थना पुस्तकाप्रमाणे वर्षातून १३ दिवशी तो म्हणायचा असे. नाताळ, ईस्टर, पेंटेकॉस्ट, म्हणजे देऊळ माणसांनी भरलेलं असतं नेमके ते दिवस. व्हिकारने उभं राहून मोठ्याने म्हणायचं की हा विश्वास जो पूर्ण आणि अभंग ठेवणार नाही तो निःसंशय कायमचा नाश पावेल. ज्याला स्वतःलाच तो विश्वास ठेवता येत नव्हता, त्याने ऐन नाताळात आपल्या तोंडाने आपल्यालाच शाप द्यायचा. सही आयुष्यात दोन-चारदा करावी लागे, हे वर्षानुवर्षं.

फेदर्स टॅव्हर्नचा अर्ज म्हणजे काय?

याची सुरुवात यॉर्कशरमधल्या रिचमंड गावातून झाली. तिथला रेक्टर आणि क्लीव्हलंडचा आर्चडीकन (बिशपच्या हाताखालचा वरिष्ठ पाद्री) फ्रान्सिस ब्लॅकबर्न याने १७६६ मध्ये 'द कन्फेशनल' हे पुस्तक निनावी छापलं. प्रॉटेस्टंट चर्चचा पायाच मुळी बायबल स्वतः वाचून निर्णय करण्याच्या हक्कावर आहे; मग त्या चर्चला माणसांनी लिहिलेली कलमं पाद्र्यांवर लादण्याचा हक्क कसा? सहाव्या कलमाचाच आधार घेऊन त्याने बाकीच्यांना आव्हान दिलं.

१७७१ मध्ये या विचाराची मंडळी लंडनला स्ट्रँडवरच्या फेदर्स नावाच्या खानावळीत जमली आणि संसदेकडे अर्ज करायचं ठरलं. मागणी एवढीच की कलमांवरची सही काढून टाका, बायबलवरचा विश्वास जाहीर करणं पुरेसं धरा. सुमारे २५० सह्या झाल्या. बहुतेक पाद्र्यांच्या, काही वकील आणि डॉक्टरांच्या. चर्चमध्ये हजारो पाद्री होते हे लक्षात घेतलं तर हा आकडा तुटपुंजा. खासगीत माना डोलावणारे पुष्कळ होते. धर्मशास्त्री विल्यम पेली अर्जाच्या मताचा होता, पण त्याने सही केली नाही. सद्सद्विवेक बाळगणं आपल्याला परवडत नाही, असं तो म्हणाल्याचं सांगतात.

६ फेब्रुवारी १७७२ ला सर विल्यम मेरेडिथने अर्ज हाऊस ऑफ कॉमन्ससमोर ठेवला. ऑक्सफर्ड विद्यापीठाचा खासदार सर रॉजर न्यूडिगेट कडाडून विरोधात उभा राहिला. मतदान झालं: ७१ बाजूने, २१७ विरुद्ध.

एडमंड बर्कने विरोध का केला? तो तर उदार मताचा ना?

होता, आणि म्हणूनच या खासदाराचा अर्जाला असलेला विरोध वाचण्यासारखा आहे. तो म्हणाला की हा सहिष्णुतेचा प्रश्नच नाही. तुम्हाला वेगळं मानायचं असेल तर बाहेर जाऊन माना, कोणी अडवू नये. पण तुम्हाला चर्चचं उत्पन्नही हवं आणि चर्चची शिकवणही नको. लोक चर्चला दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, देतात, तर आपल्याला काय शिकवलं जाणार हे त्यांना कळलं पाहिजे. आणि नुसतं बायबल मानतो म्हणणं पुरेसं नाही. नाना प्रकारच्या ग्रंथांचा तो संग्रह आहे, त्यातून कोण काय काढेल सांगता येत नाही.

पुढच्याच वर्षी चर्चबाहेरच्या पंथांच्या पाद्र्यांना कलमांवरच्या सहीतून सूट देणाऱ्या विधेयकाला बर्कने पाठिंबा दिला. त्याच्या भूमिकेत विसंगती नाही. त्याने एक गोष्ट मात्र हलकी धरली: बाहेर जाणं कायद्याने तेवढं सोपं नव्हतं. १६८९ च्या सहिष्णुता कायद्यात त्रैक्य न मानणाऱ्यांना जागा नव्हती आणि १६९८ च्या धर्मनिंदा कायद्याखाली त्यांना शिक्षा होऊ शकत होती.

थिओफिलस लिंडसी कोण?

बर्क म्हणाला तसं खरोखर बाहेर पडणारा माणूस. तो यॉर्कशरमधल्या कॅटरिकचा व्हिकार. बायको हॅना ही ब्लॅकबर्नची सावत्र मुलगी. अर्जासाठी लिंडसीने जिवाचं रान केलं. अर्ज फेटाळला गेल्यावर त्याच्यापुढे कसली सबब उरली नाही, आणि नोव्हेंबर १७७३ मध्ये त्याने राजीनामा दिला. पन्नाशीचा माणूस, पदरी फारशी शिल्लक नाही, घर चर्चचं. तेही सोडायचं होतं. हॅनाने त्याला मागे ओढलं नाही, उलट साथ दिली. या वादाच्या इतिहासात तिचं नाव नेहमी तळटीपेत येतं, ते खरं तर वर यायला हवं.

१७ एप्रिल १७७४ ला लंडनच्या एसेक्स स्ट्रीटवर, जिथे एरवी लिलाव चालत अशा खोलीत त्याने पहिली उपासना घेतली. सुमारे २०० लोक आले, त्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि शास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली होते. प्रार्थना पुस्तक लिंडसीने टाकून दिलं नाही. सॅम्युएल क्लार्कने केलेल्या दुरुस्त्यांच्या आधाराने सुधारून तेच वापरलं. इंग्लंडमधलं उघडपणे युनिटेरियन, म्हणजे त्रैक्य न मानणारं, म्हणवणारं हे पहिलं प्रार्थनास्थळ. १७७८ मध्ये तिथे स्वतंत्र चॅपल उभं राहिलं.

मग ब्लॅकबर्न स्वतः का गेला नाही?

हा प्रश्न त्याला त्याच्या हयातीतही विचारला जाई. लंडनच्या ओल्ड ज्युरीतल्या डिसेंटर, म्हणजे चर्चबाहेरच्या प्रॉटेस्टंट पंथाच्या, मंडळीने त्याला आपला पाळक होण्याचं आमंत्रण दिलं होतं. ते त्याने नाकारलं. तो युनिटेरियन नव्हता. त्याची तक्रार त्रैक्याविरुद्ध नव्हती, सक्तीविरुद्ध होती. पुन्हा सही करावी लागेल असं कुठलंही पद घेणार नाही हे त्याने ठरवलं आणि पाळलं. जावई लिंडसी गेला, १७८२ मध्ये दुसरा जावई जॉन डिस्नीही एसेक्स स्ट्रीटला गेला, आणि म्हातारा दोघांच्या जाण्याने दुखावला. १७८७ मध्ये मरेपर्यंत तो आर्चडीकनच राहिला.

त्याला भेकड म्हणणारे आहेत. मी म्हणणार नाही. घर दुरुस्त करायचं तर कोणीतरी आत राहावं लागतं, हे त्याचं म्हणणं मनापासूनचं होतं. तरीही त्याचंच पुस्तक वाचून लिंडसी बाहेर पडला आणि लेखक आत राहिला, हे वाचताना अस्वस्थ व्हायला होतं.

मेथडिस्ट याच वादातले का?

थोडेसे. मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली अखेरपर्यंत स्वतःला चर्च ऑफ इंग्लंडचाच पाद्री मानत होता. त्याचं भांडण कलमांपेक्षा थंड पडलेल्या भक्तीशी होतं. पण एक प्रसंग इथे बसतो. १७६८ मध्ये ऑक्सफर्डच्या सेंट एडमंड हॉलमधून सहा विद्यार्थ्यांना मेथडिस्ट वळणाचे म्हणून काढलं. घरोघरी जाऊन स्वयंस्फूर्त प्रार्थना करणं हा एक आरोप, पूर्वनियोजनासारखी मतं हा दुसरा. त्यांच्या बाजूचे लोक म्हणाले: सतराव्या कलमात हेच तर आहे, आणि त्यावर तुम्हीच त्यांची सही घेतली! कलम न मानणारे शिकवत राहिले, मानणारी पोरं बाहेर गेली.

महाराष्ट्राशी याचा काही संबंध येतो का?

येतो. हॉडलीचा वाद ऐन भरात असताना मुंबईच्या किल्ल्यात सेंट थॉमस चर्चचं बांधकाम चालू होतं. रिचर्ड कॉब या पाद्र्याने ते पुरं करवलं आणि २५ डिसेंबर १७१८ ला ते उघडलं. तिकडे जाणारा तटाचा दरवाजा तो चर्चगेट.

याहून खोल धागा एसेक्स स्ट्रीटचा. लिंडसीच्या चॅपलच्या जागी पुढे ब्रिटिश अँड फॉरेन युनिटेरियन असोसिएशनचं मुख्य कार्यालय आलं. याच संस्थेच्या शिष्यवृत्तीवर प्रार्थना समाजाचे विठ्ठल रामजी शिंदे १९०१ मध्ये ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मांचा तौलनिक अभ्यास करायला गेले आणि परत येऊन १९०६ मध्ये त्यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं.

आणि पंडिता रमाबाई. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला त्यांनी अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्रैक्य, येशूचं देवत्व, चर्चचा अधिकार यांवर तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिनशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार वाचावा. भारतातल्या पुरोहितांचं जू मोठ्या कष्टाने झुगारलं आहे, आता तसंच दुसरं मानेवर घेणार नाही, असं त्यांनी १८८५ मध्ये स्पष्ट लिहिलं. ब्लॅकबर्नने हे आनंदाने आपल्या पुस्तकात छापलं असतं.

सहीचा नियम शेवटी बदलला का?

हळूहळू. केंब्रिजने १७७२ मध्ये बी.ए.साठी सही काढली. आपण चर्चचे प्रामाणिक सदस्य आहोत एवढं सांगितलं की पुरे. १७७९ मध्ये चर्चबाहेरच्या पंथांच्या पाद्र्यांना सूट मिळाली. त्रैक्य न मानणाऱ्यांवरची शिक्षा १८१३ मध्ये उठली. ऑक्सफर्डच्या प्रवेशाची सही १८५४ मध्ये गेली. चर्चच्या पाद्र्यांसाठी १८६५ च्या कायद्याने शब्द सैल केले: प्रत्येक कलमाला नव्हे, एकूण शिकवणीला संमती. १९७५ पासून चर्च ऑफ इंग्लंडचे पाद्री दीक्षेच्या वेळी जी घोषणा करतात, तिच्यात ३९ कलमांचा उल्लेख चर्चच्या ऐतिहासिक दस्तऐवजांपैकी एक असा येतो.